दुसरी हार्ड डिस्क: आधी डबा उघडा, मग दुकान गाठा

तुमची अडचण थोडक्यात अशी: २४० जीबीची एसएसडी भरत आली, सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली, फोटो-व्हिडिओसाठी २ टीबीची दुसरी हार्ड डिस्क घ्यायची आहे. दुकानदार म्हणतो सीपीयू इकडे आणा, पाचशे रुपये लेबर पडेल. घरी जमेल का? आणि ओळखीचा एक जण वापरलेली डिस्क अर्ध्या किमतीत देतोय, ती घ्यावी का?

घरी जमतं. ज्याला ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलता येतो त्याला हे जमतं. दोन वायरी आणि चार स्क्रू, बस्स. पण बहुतेक लोक सुरुवातच उलटी करतात: आधी डिस्क मागवतात आणि ती घरी आल्यावर संगणकाचा डबा (कॅबिनेट) उघडतात. मग कळतं की वायर नाही, किंवा वायर आहे पण पोचत नाही, किंवा डिस्क ठेवायला जागाच नाही. मग शंभर रुपयांच्या वायरीसाठी पुन्हा ऑर्डर, आणि तोवर नवी डिस्क टेबलावर लेकराबाळांच्या हाताशी. म्हणून आज संध्याकाळीच डब्याची डावी बाजू उघडा. प्लग भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा आणि टॉर्च घेऊन नुसतं आत बघा. कशाला हात लावायची गरज नाही.

पहिली बघायची ती जागा. साडेतीन इंची डिस्कचा खण साधारण पुढच्या बाजूला, खाली असतो. मग मदरबोर्डवरचे, म्हणजे आतल्या मुख्य पट्टीवरचे साटा पोर्ट (डिस्कची डेटा केबल खोचायच्या जागा) बघा: काटकोनात वळलेल्या खाचेचे, एका बाजूला ओळीत. एखादा रिकामा हवा. तुमची एसएसडी वायरवाली आहे की मदरबोर्डवर आडवी बसणारी एम डॉट टू, ते तुम्ही लिहिलं नाही. एम डॉट टू असेल तर मॅन्युअल जरूर उघडा, कारण कित्येक बोर्डांत त्या खाचेत एसएसडी बसवली की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. पोर्ट दिसतो रिकामा, डिस्क लावली तर सापडतच नाही, आणि माणूस डिस्क खराब म्हणून परत करून येतो.

तिसरी गोष्ट एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीची वायर, आणि खरी गोम इथेच आहे. त्यातून निघालेल्या झुपक्यात पंधरा पिनांचं रुंद, चपटं, काळं टोक मोकळं आहे का बघा. एकाच वायरीवर अशी दोन-तीन टोकं ओवलेली असतात, त्यामुळे बहुतेक सापडतं. नसेल आणि फक्त जुनं चार पिनांचं मोठं मोलेक्स असेल, तर कन्व्हर्टर मिळतो. पण त्यातला प्लॅस्टिक ओतून बंद केलेला, ज्यात वायरी दिसतच नाहीत, तो घेऊ नका. त्यांच्यात आतल्या आत वायरी चिकटून जळाल्याची उदाहरणं आहेत. ज्याच्या पाठीमागचं टोपण वेगळं दिसतं आणि वायरी एकेका खाचेत दाबून बसवलेल्या असतात, तो घ्या.

तुमचा डेस्कटॉप ऑफिसातून निघालेला, रिफर्बिश्ड, बारक्या चणीचा ब्रँडेड असेल तर गणित वेगळं आहे. त्यांत बऱ्याचदा एसएमपीएसमधून डिस्कची वायर निघतच नाही. मदरबोर्डवरच्या एका छोट्या सॉकेटमधून पॉवर येते आणि वायर त्या मॉडेलचीच लागते. तशा डब्यात मोठ्या डिस्कला जागाही नसते बहुतेक. मग अडीच इंची साटा एसएसडी किंवा सरळ बाहेरची यूएसबी डिस्क.

आता माझा मूर्खपणा सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एसएमपीएस बदलला. नवा मॉड्युलर होता, म्हणजे वायरी हव्या तेवढ्याच खोचायच्या. जुनाही मॉड्युलर होता आणि त्याच्या वायरी खोक्यात पडून होत्या. दुसऱ्या डिस्कपर्यंत नवी वायर पोचेना, जुनी लांब होती, आणि खाचेत टच्चकन बसली. बटण दाबलं, 'चट्' असा बारीक आवाज आला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास. डिस्कचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसच्या बाजूचं टोक ज्याचं त्याचं. तिथे कुठल्या पिनेतून १२ व्होल्ट आणि कुठल्या पिनेतून ५, याला काही नियम नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असू शकतो. त्या डिस्कवर वडिलांच्या भजनी मंडळाच्या चाळीस कॅसेटी मी संगणकावर उतरवून ठेवल्या होत्या. कॅसेटी माळ्यावर होत्या म्हणून वाचलो. पाच महिने रविवारी बसून पुन्हा उतरवल्या.

तेव्हा मॉड्युलर असेल तर त्याच्याच खोक्यातली वायर. दुसरी नाही म्हणजे नाही.

खरेदीकडे वळू. फोटो-व्हिडिओ साठवायला हार्ड डिस्क ठीक आहे, तेवढ्याच मापाची एसएसडी पुष्कळ महाग पडते. विंडोज आहे तिथेच, एसएसडीवर राहू द्या. २ टीबीच्या सध्याच्या साध्या डेस्कटॉप डिस्क, म्हणजे सीगेट बाराकुडा किंवा डब्ल्यूडी ब्लू, बहुतेक एसएमआर पद्धतीच्या असतात. मंगलोरी कौलं डोळ्यासमोर आणा. एसएमआरमध्ये डेटाचे पट्टे तसेच एकावर एक चढवून रचलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर वरच्या ओळी उचकटाव्या लागतात, तसं मधलं काही बदलायला गेलं की शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं. त्यामुळे सतत बदलत्या डेटाला ही डिस्क धापा टाकते. एकदा ठेवून वर्षानुवर्षं बघायच्या फोटोंना काही फरक पडत नाही. २०२० मध्ये यावर बरीच बोंबाबोंब झाल्यावर कंपन्यांनी कुठलं मॉडेल कसलं याच्या याद्या आपापल्या साइटवर टाकल्या आहेत, त्या बघून घ्या.

दुकानात सीसीटीव्हीची डिस्क गळ्यात मारायचा प्रयत्न होईल, कारण तिचा खप जास्त आणि ती कायम शिल्लक असते. नवी असेल तर चालते, घरच्या संगणकातही. पण नवीच आहे ना, हे बघा.

त्यावरून तुमच्या ओळखीच्या माणसाकडे येतो. नको. अर्ध्या किमतीच्या बऱ्याच डिस्क डीव्हीआरमधून, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्यातून निघालेल्या असतात, दिवसरात्र फिरलेल्या. वर्षाचे तास ८७६०, म्हणजे तीन वर्षं चाललेली डिस्क २६ हजार तास फिरून आलेली. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर हा आकडा 'पॉवर ऑन अवर्स'मध्ये दाखवतं. पण हा आकडा पुसताही येतो, त्यामुळे शून्य दिसलं म्हणून कोरी समजू नका. कडेच्या स्क्रूच्या भोकांत चकाकलेले ओरखडे आहेत का बघा. डिस्क एकदा कुठे बसली की ते राहतातच.

नवी घेताना पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की तुमच्या गावचं दुकान, "बिल नको असेल तर १८ टक्के सुटतील" हे ऐकू येणारच. पैसे द्यायच्या आधी तिथेच मोबाइलवर कंपनीच्या साइटवर तो नंबर टाकून वॉरंटी बघा. 'ही डिस्क संगणकासोबत विकली होती' किंवा वॉरंटी भारतातली नाही असं आलं तर नमस्कार करून बाहेर पडा. खोकं नसलं तरी हरकत नाही, सुटी डिस्क नुसत्या चंदेरी पिशवीतच येते. साटा डेटा केबल मात्र वेगळी मागा, डिस्कसोबत सहसा येत नाही.

बसवणं हा सगळ्यांत छोटा भाग. डब्याच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल, आणि डिस्क कडांना धरा, खालच्या हिरव्या पट्टीला बोटं नकोत. स्क्रू जाड आट्यांचे लागतात. बारीक आट्यांचे, एसएसडीला लागणारे, इथे नुसतेच फिरत राहतात आणि डिस्क खणात थरथरते. चारही लावा. दोन वायरी खोचा, त्या उलट्या बसतच नाहीत. जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा. डबा बंद करायच्या आधी एसएसडीची वायर एकदा दाबून बघा. आत हात फिरताना ती सैल होते आणि मग 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असं येऊन घाम फुटतो.

विंडोज सुरू झाल्यावर 'धिस पीसी'मध्ये नवी डिस्क दिसणार नाही. घाबरू नका, कोरी डिस्क तिथे दिसतच नाही. विंडोजचं बटण आणि एक्स दाबा, 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. ते एमबीआर की जीपीटी (डिस्कची विभागणी नोंदवायच्या दोन पद्धती) विचारेल, जीपीटी सांगा. मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', एनटीएफएस. इथे डिस्कच्या नंबरावर विसंबू नका. नवी डिस्क 'डिस्क ०' होऊन बसू शकते. माप बघूनच हात घाला: तुमची जुनी २२३ जीबीच्या आसपास दिसेल, नवी १८६३च्या. हो, एवढीच. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या, दुकानदाराने काही मारलेलं नाही.

त्याच खिडकीत 'क्विक फॉरमॅट'ची खूण पहिल्यांदा काढा आणि पूर्ण फॉरमॅट रात्रभर लावून झोपा. २ टीबीला चार तास तरी जातात, पण डिस्कचा कोपरान् कोपरा तपासला जातो. सकाळी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५ आणि सी५ (खराब आणि संशयित जागांची मोजणी) या ओळींत 'रॉ व्हॅल्यू' शून्य असली पाहिजे. नसेल तर परत करा. सी७ (डेटा पोचवतानाच्या चुका) वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा, ती बदला.

फोटो हलवताना कट-पेस्ट करू नका. कॉपी करा, चार-सहा फाइली उघडून बघा, मग जुन्या पुसा. 'पिक्चर्स' फोल्डरच नव्या डिस्कवर न्यायचा असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लोकेशन' आहे. पण आधी नव्या डिस्कवर एक फोल्डर करा आणि तो दाखवा. सरळ अख्खी ड्राइव्ह दाखवलीत तर नंतर निस्तरताना नाकी नऊ येतात. आणि जुन्या पुसल्यावर फोटोंची प्रत पुन्हा एकच राहते, फक्त जागा बदललेली. माझ्याकडे माळ्यावर कॅसेटी होत्या, तुमच्या मोबाइलमधल्या फोटोंना माळा नाही. मुलांचे फोटो तेवढे एका बाहेरच्या डिस्कवर टाकून ती कपाटात ठेवा.

पहिले काही दिवस एक गोष्ट खटकेल: डिस्क वीसेक मिनिटं वापरली नाही की झोपते, आणि मग फोल्डर उघडताना पाच-सात सेकंद सगळं अडकल्यासारखं वाटतं, घर्र आवाज येतो. ती फक्त जागी होतेय. फारच त्रास झाला तर पॉवर ऑप्शन्समध्ये डिस्क बंद करायची वेळ वाढवा. डबा उघडलात की एसएमपीएसवरचं लेबल आणि मोकळ्या टोकांचा फोटो टाका, वायर चालेल की नाही ते सांगतो.