ब्रेक मारला की स्टेअरिंग का थरथरतं?

संत्र्याचा हंगाम सुरू झाला की पिकअपवाल्यांची एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते: ब्रेक मारला की स्टेअरिंग हातात थरथरतं. आणि जवळपास प्रत्येकाला कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं, ‘डिस्क वाकली, बदलून टाका.’ डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी लोखंडी चकती; तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबले की गाडी थांबते. म्हणून या वेळी त्याच विषयाचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : रोज पहाटे कळमना मार्केटला भाजी आणतो. ६० च्या वर ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं, हळू असताना काही नाही. दोनदा व्हील बॅलन्सिंग केलं, फरक नाही.

पडणारच नव्हता. बॅलन्सिंग बिघडलं असेल तर ८० च्या आसपास पाय ब्रेकवर नसतानाही स्टेअरिंग हलतं. तुमचं फक्त ब्रेकवर हलतं, म्हणजे दोष ब्रेकच्या बाजूला आहे. बहुतेक पिकअपना पुढे डिस्क आणि मागे ड्रम (आतून ब्रेक लागतो ते गोल भांडं) असतात. थरथर हातात जाणवली तर आधी पुढची डिस्क बघायची. सीटखालून, कमरेला जाणवली तर मागचा ड्रम गोल राहिला आहे का ते तपासायचं. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट किंवा बुश (स्टेअरिंगचे आणि पुढच्या चाकांचे सांधे) झिजले असतील तर बारीकशी थरथरही मोठी होऊन हातात येते. त्यामुळे मिस्त्रीला ‘ब्रेक बघा’ एवढंच सांगू नका. पुढची दोन्ही चाकं उचलून बेअरिंगचा आणि जॉइंटचा खेळ, म्हणजे सैलपणाही तपासून घ्या.

प्रश्न : पावसात जोरात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली कटकट करतं. हाच दोष आहे का?

नाही, तो एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) काम करतोय. डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा पेटून राहत असेल तर मात्र स्कॅनर लावून घ्या.

प्रश्न : वाडीला ट्रान्सपोर्टमध्ये माझ्या दोन गाड्या आहेत. एका गाडीला तीन महिन्यांपूर्वी दोन्ही डिस्क आणि पॅड नवे टाकले. सुरुवातीला मस्त चालली, आता सात हजार किलोमीटरनंतर पुन्हा तेच. दुकानदार म्हणतो पार्ट डुप्लिकेट निघाला, आता महागातला घ्या.

महागातला घेऊ नका. आधी मला सांगा, डिस्क बसवताना डायल गेज (फिरताना डिस्क किती डगमगते ते दाखवणारं काट्याचं माप) लावला होता का? माझी खात्री आहे, नव्हता.

‘डिस्क वाकली’ हा शब्द आपल्याकडे फार सहज वापरतात. खरं म्हणजे बहुतेक वेळा डिस्क वाकत नाही, तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. ६० च्या वेगाला चाक सेकंदाला साधारण आठ फेरे मारतं. डिस्कचा जाड भाग पॅडमधून गेला की पॅड मागे रेटले जातात, पातळ भागाला पकड सैल होते. दर फेऱ्याला एक धक्का, आणि तोच तुमच्या हाताला लागतो. यासाठी फार मोठा फरक लागत नाही. वहीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो; त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा फरकही स्टेअरिंग हलवायला पुरतो. डोळ्यांनी तो दिसत नाही, बोटाला लागत नाही. मायक्रोमीटर लावूनच कळतो.

आता तो सात हजार किलोमीटरनंतरच का आला? नवी डिस्क जुन्या हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावर) बसवली, पण हबचा गंज काढला नाही. गंजाची एक खपली मध्ये राहिली की डिस्क किंचित तिरकी बसते, आणि मध्यावरचा तिरकेपणा कडेला आणखी वाढतो. ब्रेक मारलेला नसतानाही डिस्कचा तोच भाग दर फेऱ्याला पॅडला घासत राहतो. रोज थोडा थोडा घासून तो पातळ होतो. दोन-तीन महिने काही कळत नाही, मग थरथर सुरू होते आणि दोष पार्टच्या नावावर जातो.

मागच्याच महिन्यात अशी एक गाडी माझ्याकडे आली. डायल गेजचा काटा एका फेऱ्यात ०.१२ मिलिमीटर हलला. डिस्क काढली तर हबवर तपकिरी खपल्या होत्या, नखाने निघतील अशा. तारेच्या ब्रशने आणि एमरी पेपरने हब चकचकीत केला, तीच डिस्क पुन्हा बसवली, तेव्हा काटा ०.०३ वर आला. नवीन काही लागलं नाही, कारण जाडी अजून बिघडली नव्हती. तुमची सात हजार चालली आहे, त्यामुळे तुमच्याकडे जाडीही मोजावी लागेल.

चाकाच्या नटांचंही तसंच. गन लावून एका मागोमाग एक कसले की चाक आणि हब एका बाजूला ओढले जातात. समोरासमोरचे नट, दोन टप्प्यांत, टॉर्क पान्याने (किती जोराने कसलं ते दाखवणाऱ्या पान्याने), गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याएवढेच कसायचे. शंभर किलोमीटर चालवून पुन्हा तपासायचे. जो मिस्त्री समोर उभं राहून काट्याचं माप दाखवेल त्याच्याकडे जा. मोजायच्या आधीच ‘पूर्ण ब्रेक किट’चं कोटेशन देतो त्याच्याकडून गाडी उचला.

प्रश्न : डिस्क लेथवर घासून घेतली तर चालते का?

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. घासल्यावरही तिच्या वर जाडी उरत असेल तर चालते, नाहीतर नवी, आणि तीही दोन्ही बाजूंना. कोरलेला आकडा गंजाने वाचता येत नसेल तर मॅन्युअलमध्ये बघून घ्या, अंदाजाने घासू नका.

प्रश्न : छिंदवाड्याहून माल आणतो. सिल्लेवानी घाट उतरलो की जळका वास येतो आणि सावनेरपर्यंत स्टेअरिंग थरथरतं. ड्रायव्हर डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल करतो. थांबल्यावर चाकांवर पाणी मारतो.

न्यूट्रल आजपासून बंद. भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये उतरली की सगळा भार ब्रेकवर येतो. पॅड इतके तापतात की पकडच सोडतात, आणि मग पेडल कितीही दाबा. शिवाय डिझेलही वाचत नाही. आताच्या इंजिनात गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगसाठी जळत राहतं. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा.

तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारू नका, तडा जाऊ शकतो. वॉशिंग सेंटरला गेल्यावरही अर्धा तास गाडी थंड होऊ द्या. वास एकाच चाकाचा येत असेल तर कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, स्लाइड पिन किंवा पिस्टन जाम आहे. सपाट रस्त्यावरही ते चाक जास्त तापतं. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर तेही बदला, कारण ते हवेतली ओल शोषतं आणि घाटात उकळू शकतं. पुढच्या फेरीआधी हे तपासून घ्या, नंतर नको.

प्रश्न : काटोलहून संत्री भरतोय. आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचा हा हंगाम संपेपर्यंत असंच चालवलं तर?

नाही. मोजून झाल्याशिवाय ही थरथर डिस्कची आहे की सैल बेअरिंगची, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही आणि तुमच्या गावचा मिस्त्री नुसतं बघूनही सांगू शकत नाही. बेअरिंगची असेल तर भरल्या गाडीचं चाक जाऊ शकतं. तपासायला अर्धा दिवस लागतो. उद्याचा माल दुसऱ्या गाडीने पाठवा आणि तुमची रिकामी गाडी, हळू चालवत, गॅरेजला न्या. चालवताना घरघर ऐकू आली किंवा एखादं चाक हात लावू न देण्याइतकं तापलं, तर तिथेच थांबा आणि टो करून न्या.