मॅट्रिक आणि मॅट्रिक्स: मायलेकी

प्रश्न असा आहे: ऑफिसातलं 'परफॉर्मन्स मॅट्रिक्स' आणि गणितातलं मॅट्रिक्स हा एकच शब्द का?

नाही. ऑफिसवाल्यांना बहुतेक वेळा म्हणायचं असतं 'मेट्रिक्स', म्हणजे मोजमापं. तो ग्रीक 'मेत्रॉन'वरून आलेला शब्द, मीटरच्या घरातला. याच घोळातून 'आजोबा मेट्रिक पास होते' असं छापलेलं वारंवार वाचावं लागतं. किलो-लिटरची पद्धत ती मेट्रिक. परीक्षा ती मॅट्रिक!

आणि ही मॅट्रिक मॅट्रिक्सचीच लेक. लॅटिन 'मातेर' म्हणजे आई. त्यावरून 'मात्रिक्स': आधी पिलांसाठी पाळलेली मादी, मग गर्भाशय. उत्तरकालीन लॅटिनमध्ये याच शब्दाला नावांची नोंदवही असा अर्थ आला, आणि छोटी वही झाली 'मात्रिकुला'. विद्यापीठाच्या वहीत नाव चढणं म्हणजे मॅट्रिक्युलेशन. मुंबई विद्यापीठाने १८५९ साली पहिली मॅट्रिक घेतली ती प्रवेशपरीक्षा म्हणून. शाळा संपल्याचा दाखला हा अर्थ नंतर चिकटला.

गणिताकडे वळू. चौकोनात मांडलेले आकडे म्हणजे मॅट्रिक्स, एवढ्यावर लोक थांबतात. पण इंग्रज गणिती सिल्व्हेस्टरने १८५० मध्ये हे नाव दिलं ते चौकट पाहून नव्हे. मांडणीतल्या काही ओळी, काही स्तंभ वगळले की निरनिराळे डिटरमिनंट (चौरस मांडणीतल्या आकड्यांवरून ठरावीक रीतीने काढलेली एकेक संख्या) हाती येतात. एकाच आईच्या उदरातून जन्मावेत तसे ते निघतात, हे त्याने पुढच्याच वर्षी स्पष्ट लिहिलं. नवं नख जिथून उगवतं त्या मुळालाही डॉक्टर मॅट्रिक्स म्हणतात, आणि छपाईचे खिळे ज्या साच्यातून ओतत त्यालाही. सगळीकडे आईच आहे.

म्हणून गणितातल्या मॅट्रिक्सला दिलेला 'आव्यूह' हा प्रतिशब्द मला मुळीच मान्य नाही. व्यूह म्हणजे सैन्याची रचना. मांडणी आली, पण आई गेली. आपल्याकडे 'मातृका' तयार होता, 'मातेर'च्याच कुळातला. वेरूळच्या लेण्यांत सप्तमातृका आहेतच. पण संस्कृतात वर्णमालेलाही मातृका म्हणतात, आणि माझ्या मते सिल्व्हेस्टरची कल्पना तंतोतंत हीच: एक ठरलेली मांडणी, आणि तिच्यातून जन्मणारं बाकी सगळं. परिभाषा घडवणारे म्हणतील, मातृकेला देवघराची छटा आहे. मग व्यूहाला रणांगणाची नाही का?