आठवारी, पण निऱ्या मागे: किल्टवरच्या सामानाबद्दल वाचकांचे प्रश्न

मराठी माणसाला किल्ट समजावून सांगायला मला फार वेळ लागत नाही. ही इथल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या, पुरुषांची आठवारी. हाताने शिवलेल्या पूर्ण किल्टला आठ वार लोकरी कापड धरतात (प्रत्यक्षात आम्ही मोठ्या पन्ह्याचं चार वार घेऊन त्याचे लांबीत दोन पट्टे करतो). निऱ्या असतात, पण मागे. पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात. आणि खिसा नसतो. एडिनबरोतल्या एका किल्टच्या दुकानात अकरा वर्षं टाके घालण्यात आणि लोकांची कंबर मोजण्यात गेली. तेवढ्यात एक दिसलं, की कापड निवडताना चुकणारे थोडे असतात. बहुतेकांचं गणित बिघडतं ते वरच्या सामानात. यावेळची पत्रंही बहुतेक त्याबद्दलचीच आहेत.

३० नोव्हेंबरला, सेंट अँड्र्यूज डेला, ऑफिसात सगळ्यांनी किल्ट घालून यायचं ठरलंय. फोन, चाव्या, ऑफिसचं कार्ड, इअरबड्सची डबी हे सगळं ठेवायचं कुठे? स्पोरन (किल्टवर पुढे लटकवायची थैली) मला फार नाटकी वाटतो. त्याऐवजी कमरेला बांधायची झिपवाली बॅग चालेल का? — एडिनबरो

स्पोरन नाटकी वाटतो, कारण तुम्ही केसाळ स्पोरन पाहिलाय, चांदीसारखी पट्टी आणि तीन गोंडे लोंबणारा. तो संध्याकाळच्या समारंभाचा. ऑफिसला लागतो तो दिवसाचा स्पोरन: साधं तपकिरी किंवा काळं चामडं, वर झाकण, फार तर थोडी नक्षी. गेलिक भाषेत ‘स्पोरन’चा अर्थच थैली. आपल्या आजोबांच्या कमरेला पानसुपारीची चंची असायची, तीच ही वस्तू, फक्त पोटासमोर आलेली.

घेताना फोन सोबत न्या. बाहेरचं माप पाहू नका, तोंडाचं आतलं माप पाहा. आजचे मोठे फोन सोळा सेंटिमीटरच्या आसपास लांब असतात. स्पोरन बाहेरून ऐसपैस दिसतो, पण शिवण आणि अस्तर धरून आत फोन आडवा बसत नाही, आणि उभा ठेवला तर झाकण लागत नाही. दुकानात ही झटापट मी रोज बघतो.

दुसरी गोष्ट वजनाची. स्पोरनचा वरचा काठ कमरेच्या बकलाखाली तीन-चार बोटांवर यायला हवा. त्यात चाव्यांचा जुडगा, पॉवर बँक आणि चिल्लर कोंबली की तो मांड्यांमध्ये उतरतो आणि चालताना घंटेसारखा हलतो. घराची एक किल्ली, दोन कार्डं, फोन आणि इअरबड्स, एवढंच ठेवा. पॉवर बँक टेबलाच्या खणात राहू दे. आणि पट्टा शक्यतो चामड्याचा घ्या. पूर्ण साखळीचा पट्टा रोज घातला, तर मागच्या निऱ्यांवर घासून लोकर झिजवतो. दुरुस्तीला आलेल्या किल्टची मागची बाजू पाहून मी साखळी ओळखतो.

झिपवाली बॅग चालते. पण तिचा पट्टा निऱ्या शिवून बसवलेल्या भागावर आवळला जातो आणि दिवसभरात तिथे आडवी घडी पडते. शिवाय स्पोरनचं एक काम तिला जमत नाही. तुम्ही खुर्चीवर बसता, तेव्हा स्पोरनच्या वजनाने पुढचा पदर जागेवर राहतो. मीटिंगमध्ये समोरच्या रांगेत बसायचं असेल, तर याची किंमत कळेल. बसताना उलट्या हाताने मागच्या निऱ्या खाली सारून बसा. घरात साडी नेसणारी कुणी असेल तर ती दोन मिनिटांत शिकवेल.

पायात काय? माझ्याकडे पांढरे स्नीकर्स, काळे लेसवाले बूट आणि कोल्हापुरी आहेत. खास बूट विकत घेण्याइतका किल्ट मी घालत नाही. — ग्लासगो

नका घेऊ. घिली ब्रोग, म्हणजे जीभ नसलेले, लांब नाड्या घोट्याभोवती गुंडाळायचे बूट, लग्नाला शोभतात आणि भाड्यानेही मिळतात. रोजच्यासाठी तुमचे काळे लेसवाले बूट उत्तम.

फक्त बूट आणि मोजे यांची जोडी एका घरातली हवी. गुडघ्याखाली दोन-तीन बोटांवर दुमडलेले उंच लोकरी मोजे, त्यांतून डोकावणाऱ्या रंगीत फिती (इथे त्यांना फ्लॅश म्हणतात), हा थाट चामड्याच्या बुटांचा आहे. त्याखाली पांढरे स्नीकर्स घातले की पैठणीखाली न्हाणीघरातल्या सपाता घातल्यासारखं दिसतं. स्नीकर्स घालायचेत ना? मग मोजे आखूड, फिती नाहीत, वर टी-शर्ट किंवा स्वेटर. खुशाल घाला. जाड तळाच्या बुटांवर लोकरी मोजे घोट्यापर्यंत खाली ढकललेले, वर फुटबॉलची जर्सी, हे स्कॉटलंडच्या फुटबॉलप्रेमींचं, ‘टार्टन आर्मी’चं ध्यान. २०२४च्या युरो स्पर्धेत म्युनिकच्या रस्त्यांवर ते हजारोंनी दिसलं. सामना स्कॉटलंडने ५-१ असा गमावला, पण कपड्यांत त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मोज्यांच्या रंगाबद्दल माझं एक वाकडं मत आहे. भाड्याच्या दुकानांनी सगळ्यांना पांढरट मोजे घातले, कारण ते कुठल्याही टार्टनवर, म्हणजे किल्टच्या चौकटींच्या नक्षीवर, खपतात. तुमचे स्वतःचे असतील तर गडद हिरवे, राखाडी किंवा वाइनच्या रंगाचे घ्या. पाय प्लास्टर घातल्यासारखे दिसणार नाहीत.

कोल्हापुरी राहू द्या. अंगठा असलेल्या चपलेत लोकरी मोजा जात नाही, आणि मोज्याशिवाय घालायची तर ग्लासगोतला कोरडा दिवस शोधावा लागेल. झाडांच्या सालींच्या अर्काने कमावलेलं ते चामडं इथल्या पावसात आठवडाही टिकणार नाही. चपलेची दया करा.

किल्टवर स्मार्टवॉच घातलं तर जाणकार लोक नाक मुरडतील का? आणि मुळात परदेशी माणसाने असं मोडकंतोडकं मिश्रण करणं म्हणजे परंपरेचा अपमान नाही का? — ठाणे (सध्या ॲबरडीन)

घड्याळाचं उत्तर एका ओळीत: दिवसा घाला, संध्याकाळच्या काळ्या बो-टायवर नको, आणि पट्टा सिलिकॉनऐवजी स्पोरनच्या रंगाच्या चामड्याचा लावा.

अपमानाचं मात्र जरा थांबून बोलू. राजाविरुद्धच्या १७४५च्या बंडानंतर ब्रिटिश संसदेने १७४६मध्ये कायदा करून हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी केली. सैन्यातल्यांना तेवढी सूट होती. बंदी उठली १७८२मध्ये. पुढे १८२२मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळ्या शहराला टार्टनमध्ये नटवलं, आणि खुद्द राजा किल्टखाली अंगाच्या रंगाचे घट्ट पायमोजे चढवून मिरवला. त्यावर व्यंगचित्रंही निघाली. आज ज्याला आपण ‘पूर्ण पारंपरिक पोशाख’ म्हणतो, तो बराचसा त्यानंतरच्या काळातला आहे. एडिनबरोतल्याच हॉवी निकोल्सबीने डेनिमचे, चामड्याचे, खिसेवाले किल्ट शिवले आणि लोक ते घालतात.

आपल्याकडे वेगळं काय झालं? धोतरावर विलायती कोट, डोक्यावर काळी टोपी, हातात छत्री आणि मनगटावर घड्याळ, असा माणूस पुण्यात कुणाला विचित्र वाटला नाही. पोशाख रोज वापरला की तो आजूबाजूचं उचलतो. इथले लोक नाक मुरडतात ते किल्ट चुकीच्या उंचीवर बांधला तर. जीन्ससारखा ढुंगणावर नको. बेंबीपाशी बांधा, खालचा काठ गुडघ्याच्या वाटीवर किंवा तिच्या किंचित वर येऊ द्या. तेवढं जमलं तर घड्याळ कुणी पाहत नाही.

टार्टन कुठलं, असंही तुम्ही ओघात विचारलंय. ‘ब्लॅक वॉच’ कुणीही घालावं. बाल्मोरल राजघराण्यासाठी राखीव आहे, ते सोडा.

ऑफिसला सायकलने जातो. पाठीवर सॅक आणि वरून रेनकोट. किल्टचं काय होईल? — डंडी

सॅक चालते, पण तिचा कमरेचा पट्टा लावू नका. आणि तिचा तळ किल्टच्या कमरेच्या वरच राहील एवढ्या आखूड बंदांवर ती घ्या. एका खांद्यावरून तिरकी सोडलेली बॅग त्याहून वाईट, कारण ती नेमकी निऱ्यांवर आपटत राहते. रेनकोट नितंबांपर्यंतचा पुरे. लांब घेतलात, तर त्यावरून ओघळणारं सगळं पाणी निऱ्यांच्या टोकांना मिळेल. किल्ट भिजला तर हीटरवर टाकू नका. कमरेला चिमटे लावून टांगा आणि निऱ्या हाताने सरळ करा.

सायकलवर मात्र किल्ट नको. हे मी इथल्या वाऱ्याला साक्षी ठेवून सांगतो. गुंडाळून सॅकमध्ये न्या. जुन्या लोकांची युक्ती अशी, की निऱ्या जुळवून किल्टची लांब गुंडाळी करायची आणि ती बायकांच्या जुन्या नायलॉन स्टॉकिंगच्या एका पायात सरकवायची. इस्त्रीचं काम वाचतं. विमानप्रवासालाही हेच.

किल्ट पिनेऐवजी कंपनीचा बॅज लावला तर? — लंडन

लावा, वजनदार असेल तर. पुढच्या पदराच्या खालच्या उजव्या कोपऱ्याजवळ, आणि फक्त वरच्या पदरातून. दोन्ही पदर एकत्र टोचलेत, तर पहिल्यांदा जिना चढताना कापड फाटेल.

मुलीचं लग्न स्टर्लिंगजवळ आहे, जावई स्कॉटिश. त्यांच्याकडचे सगळे पुरुष किल्टमध्ये असणार, म्हणून यांनाही हौस आलीये. भाड्याने घेऊ. पण यांना डोक्यावर फेटा बांधायचाच आहे, आणि मोज्यात तो छोटा सुरा असतो तोही हवा आहे. विमानात अडवतील का? मी पैठणी नेसणार. विहीणबाई म्हणाल्या, आमच्या घराण्याच्या टार्टनचा सॅश (खांद्यावर घ्यायचा लांब पट्टा) देते, तो घे. तो साडीवर कसा घ्यायचा? — नाशिक

काकू, काकांची हौस रास्त आहे. शीख वादकांची बॅगपाइप पथकं पगडी आणि किल्ट एकत्र घालतात आणि रुबाबदार दिसतात. पण लेहरिया किंवा बांधणीचा फेटा नको, चौकटी आणि लाटा एकमेकींशी भांडतात. एकरंगी घ्या. रंग टार्टनच्या मोठ्या चौकोनातला नको, त्यातली एखादी बारीक रेघ असते, पिवळी किंवा लाल, तिचा घ्या. तुरा आखूड ठेवा. डोक्यावर फेटा आला की खाली केसाळ स्पोरन नको. दुकानात सांगून साधा चामड्याचा मागा. जॅकेट आर्गाइल म्हणून मिळतं, तेच मागा. मागे शेपट्या असलेल्या प्रिन्स चार्ली जॅकेटवर काळा बो-टाय येतो, आणि फेट्याखाली तो हॉटेलातल्या वाढप्यासारखा दिसतो. (हे काकांना सांगू नका.)

सुऱ्याला स्गिअन दू म्हणतात. तो नाशिकहून आणायची गरजच नाही, पोशाखासोबत मिळतो. बरेचदा म्यानाला नुसती मूठ चिकटवलेली असते, आत पातं नसतंच, आणि काकांना तेच द्या. विकत घेऊन परत नेणार असाल, तर चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेतून तो जाणार नाही. लग्नात घालायला कायद्याची आडकाठी नाही. सार्वजनिक जागी सुरा बाळगण्यावर बंदी घालणाऱ्या स्कॉटलंडच्या १९९५च्या कायद्यात राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून सूट आहे. पण लग्न आटोपून मंडळी पबमध्ये निघाली, तर दारावरचा माणूस काढून ठेवायला सांगू शकतो. वाद घालू नये. उजव्या हाताने जेवणाऱ्याने तो उजव्या मोज्यात खोचायचा.

अमेरिकेहून कुणी पाहुणे येणार असतील, तर त्यांना एक निरोप द्या. सीलच्या कातड्याचा स्पोरन इथून भेट म्हणून नेऊ नका. १९७२च्या सागरी सस्तन प्राण्यांच्या कायद्यामुळे तो तिकडे विमानतळावरच जप्त होऊ शकतो.

आता सॅश. विहीणबाईंनी घराण्याचं टार्टन देऊ केलंय, हा मोठा मान आहे, नक्की घ्या. इथल्या रिवाजाप्रमाणे डाव्या खांद्यावर सॅश घेतात ती कुळप्रमुख स्त्री, कुळप्रमुखाची पत्नी, किंवा स्कॉटिश पलटणीच्या कर्नलची पत्नी. बाकी सगळ्यांनी उजव्या खांद्यावर घ्यायचा. तुमचा पदर डाव्या खांद्यावर, म्हणजे जागेचं भांडणच नाही. पदर नेहमीसारखा बारीक चुण्यांचा करून डावीकडे पिन करा. सॅश दुमडून अरुंद करा, उजव्या खांद्यावर ब्रूचने अडकवा आणि दोन्ही टोकं पुढे-मागे मोकळी सोडा. तिरका बांधून कमरेपर्यंत आणू नका, पैठणीचे काठ झाकले जातील. आणि निघण्याआधी शिंप्याकडून ब्लाउजच्या उजव्या खांद्याला आतून जाड कापडाचा तुकडा लावून घ्या. लोकरी सॅश आणि ब्रूच यांचं वजन नुसतं रेशीम पेलत नाही, आणि फोटो काढायची वेळ येईपर्यंत गळा एका बाजूला ओढला गेलेला असतो.