बारावी सायन्सनंतर स्वतःचा 'मेजर' स्वतः आखता येतो का?

बारावीतली आहेस, म्हणून सरळ तू म्हणते. ऐरोलीत राहतेस, सायन्सला आहेस आणि खाडी, खाडीवर पोट असलेले कोळी आणि किनाऱ्याचे कायदे हे तिन्ही एकत्र शिकायचंय. अमेरिकेत मुलं स्वतःचा मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, स्वतः बनवतात, तसं इथे जमेल का, हा तुझा प्रश्न. मी ठाण्यातल्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते आणि दरवर्षी प्रवेशाच्या टेबलावर बसते, तेव्हा तिथे जे सांगते तेच लिहिते.

मुंबई विद्यापीठाची पदवी तू ठेवलेल्या नावाने मिळणार नाही. विषयाचं नाव त्यांच्या यादीतलंच येणार. आत काय भरायचं, यात मात्र हल्ली बरीच सूट आहे.

अमेरिकेतही 'मला हे-हे आवडतं' एवढ्यावर कोणी मेजर देत नाही, बरं का. ब्राउन विद्यापीठात 1969 पासून अभ्यासक्रम मोकळा आहे. तरी स्वतंत्र मेजर हवा असेल तर लेखी प्रस्ताव द्यावा लागतो, मार्गदर्शक प्राध्यापक शोधावा लागतो आणि आहे त्या विभागात हे का बसत नाही ते समितीला पटवावं लागतं. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या गॅलाटिन स्कूलमध्ये तर शेवटी स्वतः निवडलेल्या पुस्तकांची यादी घेऊन प्राध्यापकांसमोर तोंडी बसायचं असतं. म्हणजे मोकळीक आहे, पण जाब द्यावा लागतो. तू इथेही तसा एक पानभर प्रस्ताव लिही, कोणी मागत नसला तरी. त्यात विषयांची यादी नको, एक प्रश्न हवा.

प्रश्न कसा, ते सांगते. किनाऱ्यालगत काय करता येतं ते ठरवणारी किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझी) अधिसूचना 1991 ला आली, मग 2011 ला नवी, मग 2019 ला नवी. तिन्हींचा पाया एकच, भरतीरेषा, म्हणजे भरतीचं पाणी जिथवर चढतं ती रेषा. ती रेषा कुठे पडते हे ठरवायला भरती-ओहोटी, गाळ, तिवरं (खाडीतली खारफुटीची झाडं) कळावी लागतात. त्या रेषेच्या आसपास काय चालेल हे कायदा सांगतो. आणि त्या चिखलात रोज कोण उतरतं, हे नकाशावर नसतंच. आमच्या एका विद्यार्थिनीने फील्ड प्रोजेक्टला ठाण्यातला चेंदणी कोळीवाडा घेतला होता. प्रश्नावली छापून नेली, त्यात 'आठवड्यातून किती दिवस खाडीत जाता?' असा प्रश्न. एक मावशी हसून म्हणाल्या, आठवडा कुठला गं, उधाण (मोठी भरती) आहे की भांग (लहान भरती) ते विचार. पोरीने तिथेच तो रकाना खोडला आणि तिथी लिहायला घेतली. मग निवट्या (चिखलातले मासे), चिंबोऱ्या (खेकडे), शिवल्या (शिंपले) कोणत्या तिथीला, कुठल्या तिवरांच्या पलीकडे मिळायच्या आणि आता कुठे मिळत नाहीत, असं सगळं त्या तक्त्यात आपोआप बसत गेलं. वनस्पतीशास्त्र आणि समाजशास्त्र एका पानावर आलं. असा प्रश्न हातात असेल तर विषय निवडायला वेळ लागत नाही.

आता आपल्याकडची मांडणी. नव्या शैक्षणिक धोरणाची चौकट महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत 2023-24 पासून आणि संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून आली. पदवीसाठी ठरावीक क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मोजलेले एकक, जमवावे लागतात. त्यातले निम्मे तरी मेजरचे असतात. मायनर, म्हणजे जोडविषय, दुसऱ्या शाखेतला घेता येतो. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आवडीने निवडायचा छोटा विषय, तर आपल्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. शिवाय फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग आहे. कॉलेजची आधी परवानगी घेतलीस तर 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन मंचावरचे कोर्सही क्रेडिटमध्ये धरले जातात.

मेजर कुठला घ्यायचा, यावर माझं मत ठाम आहे. जे घरी बसून एकटीने शिकता येणार नाही, ते मेजरला. प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक, हाताला धरून शिकवलेलं संख्याशास्त्र याला कॉलेज लागतं. कायद्याची अधिसूचना तू स्वतः वाचू शकतेस. दुसरं कारण पुढच्या दारांचं. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, भूशास्त्र अशा ठरावीक विज्ञान विषयांपैकी एक किंवा कृषी, वनविद्या, इंजिनिअरिंगची पदवी लागते. नुसत्या समाजशास्त्रावर बसता येत नाही. उलट तीन वर्षांचं एलएलबी कुठल्याही पदवीनंतर करता येतं. म्हणून तुझ्यासाठी वनस्पतीशास्त्र किंवा प्राणीशास्त्र मेजर, समाजशास्त्र किंवा भूगोल मायनर आणि कायदा पदवीनंतर. (माझाच विषय पुढे करतेय असं वाटेल. प्राणीशास्त्र घेतलंस तरी चालेल, खेकडे त्यांचे आहेत.)

2022 पासून एका वेळी दोन पदव्या करायला विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) परवानगी आहे. कॉलेज करता करता इग्नू या मुक्त विद्यापीठातून बीए, असं काही मुलं करतात. प्रॅक्टिकल, जर्नल आणि ट्रान्स-हार्बर लोकलची गर्दी धरता मी तो सल्ला देत नाही.

खरी अडचण नियमांची नाही, टाइमटेबलची आहे. कागदावर मायनर कुठलाही. प्रत्यक्षात सायन्सचं प्रॅक्टिकल आणि आर्ट्सचं लेक्चर एकाच वेळी येतं, मग 'सध्या उपलब्ध नाही' असं सांगतात. म्हणून एकाच आवारात दोन्ही शाखा असलेली कॉलेजं आधी बघ. ठाण्यात खाडीकाठी विद्या प्रसारक मंडळाच्या आवारात सायन्सचं बांदोडकर, आर्ट्स-कॉमर्सचं जोशी-बेडेकर आणि लॉ कॉलेज शेजारी शेजारी आहेत. पण जवळ आहेत म्हणजे मायनर मिळेलच असं धरून चालू नकोस. माहितीपुस्तिकेवर विसंबू नकोस. गेल्या वर्षी सायन्सच्या किती मुलांना आर्ट्सचा मायनर प्रत्यक्षात मिळाला, ते ऑफिसात विचार आणि दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाकडून त्याचं टाइमटेबल मागून घे. फॉर्म भरायच्या आधी, नंतर नाही.

आणि तू तर ऐरोलीची. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र तुझ्या गावातच आहे. खाडीचा हा भाग 2015 ला अभयारण्य झाला, 2022 ला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. तिथल्या लोकांना तुझं ते एक पान दाखव. पुढे फील्ड प्रोजेक्टला मार्गदर्शक शोधताना ती ओळख कॉलेजच्या यादीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.