वाचकांचे प्रश्न : डिस्कसची अंडी पांढरी का पडतात?

प्रश्न : दीड फुटी चौकोनी टाकीत डिस्कस माशांची जोडी आहे. दर आठ-दहा दिवसांनी उपड्या कुंडीवर अंडी घालतात, पण दुसऱ्या दिवशी सगळी पांढरी पडतात. पाणी बोअरचं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ८००. पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) उतरवायचं औषध घालूनही फरक नाही. (एक वाचक, मिरज)

उत्तर : बहुतेक पाणीच नडतंय. तरी आधी ती खरंच जोडी आहे का, ते बघा. दोन माद्याही जमतात, मिळून कुंडी साफ करतात आणि दोघी अंडी घालतात. अंडी घालायच्या वेळी पोटाखाली नळी बाहेर येते. मादीची जाड आणि बोथट असते, नराची बारीक आणि टोकदार. दोन्ही जाड दिसल्या तर पाणी कितीही सुधारा, पिल्लं होणार नाहीत.

नर असेल तर पाण्याकडे वळा. डिस्कस ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. तिथलं पाणी मऊ, आम्लधर्मी, क्षार नावालाच. मोठे मासे जड, म्हणजे जास्त क्षारांच्या पाण्यात जगतात, खातात, अंडीही घालतात. म्हणूनच फसायला होतं. अंडी मात्र अशा पाण्यात फळत नाहीत. पीएचच्या औषधाने क्षार कमी होत नाहीत. जड पाणी पीएच पुन्हा वर ओढतं आणि त्या चढउतारात मासे बेजार होतात. ते औषध आजच बंद करा.

आरओचं, म्हणजे मशीनने क्षार काढलेलं पाणी घ्या. घरच्या मशीनमध्ये टीडीएस वाढवायचा कॉक असेल तर तो बंद करून घ्या. आरओचा टीडीएस ३० धरला, तर साडेचौदा लिटर आरओत दीड लिटर बोअरचं मिसळलं की साधारण १०० येतो. तुमच्या टाकीत १५ इंच पाणी भरलं तर ८० लिटर होतं. त्यातलं १६ लिटर रोज काढा आणि हे मिश्रण भरा. दहा-बारा दिवसांत टीडीएस दीडशेच्या आसपास उतरेल. एकदम बदलू नका. निव्वळ आरओही भरू नका, त्यात पीएच धरून ठेवणारं काहीच नसतं, एका रात्रीत कोसळतो. पीएच ६ ते ६.५ आणि तापमान २९ ते ३० अंश असावं. भरायचं पाणीही तितकंच कोमट हवं.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. मादीने ओळ घातली की नर तिच्यावरून पोट टेकवत फिरतो. तेव्हा स्पंज फिल्टरचे बुडबुडे जोरात असतील तर रेत वाहून जातं. त्या तासाभरात हवा अगदी मंद करा. फळलेलं अंडं मधासारखं पारदर्शक राहतं, दीड दिवसाने त्यात काळा ठिपका दिसतो, साधारण ६० तासांनी शेपटी वळवळते. मधूनमधून दहा-वीस पांढरी पडली तर घाबरू नका. बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरू नये म्हणून पाणी फिकट निळसर होईल इतकंच मिथिलीन ब्लू घाला.

प्रश्न : पिल्लं पोहायला लागली, पण आईबापांना न चिकटता फिल्टरभोवती जमली आणि मेली. (कऱ्हाड)

उत्तर : पिल्लं गडद रंगाकडे जातात. आईबाप त्या दिवसांत काळवंडतात ते त्यासाठीच. त्यांच्या अंगावरचा चिकट द्रव हाच पिल्लांचा पहिला आहार. तुमच्या टाकीत सगळ्यात काळा होता तो स्पंज. पिल्लं सुटायच्या आदल्या दिवशी स्पंज आणि हीटरची काळी जाळी काढून नुसता एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा दगड) ठेवा. पाणी १० इंचांवर आणा, मागून-बाजूने फिकट कागद लावा. फिल्टर नाही, म्हणून पाणी रोज थोडं बदला. हीटर उघडा राहतो, तो आईबापांपासून लांबच्या कोपऱ्यात लावा. रात्री मंद दिवा चालू हवा. चार-पाच दिवसांनी ताजं उबवलेलं आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला बारीक जीव, त्याची अंडी उबवतात) द्या : एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, खालून हवा, २८ अंश, २४ तास. टरफलं वर तरंगतात, ती पिल्लांच्या पोटात जाऊ देऊ नका.

प्रश्न : सहा डिस्कस घ्यायचे आहेत. साताऱ्याच्या थंडीत जमेल का? टाकी केवढी हवी? (सातारा)

उत्तर : जमेल. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच. काठोकाठ ३४० लिटर, म्हणजे नुसतं पाणीच ३४० किलो; लाकडी टीपॉयवर ठेवू नका. एका मोठ्या हीटरऐवजी २०० वॉटचे दोन लावा. एक बंद पडला तर दुसरा तग धरतो, एक अडकून चालूच राहिला तरी मासे उकडत नाहीत. मागे आणि खाली थर्मोकोल, वर झाकण. लाइट गेली की आधी हवा तुटते, गारठा नंतर येतो. बॅटरीवरचा एअर पंप हवाच.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडावं म्हणून ते २४ तास हवा सोडून ठेवा. घाई असेल तर १०० लिटरला १ ग्रॅम हायपो (क्लोरीन मारणारे खडे). फिल्टर चालू करून लगेच मासे सोडू नका. आधी फिल्टरमध्ये माशांची घाण पचवणारे जीवाणू वाढायला हवेत, त्यासाठी टाकीत रोज अमोनियाचे थोडे थेंब किंवा चिमूटभर खाद्य घालत राहा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला चार ते सहा आठवडे लागतात. पाणी तपासायच्या किटवर दोन्ही शून्य दिसेपर्यंत दुकानदाराला मासे राखून ठेवायला सांगा.