वाचकांचे प्रश्न : होडी कोल्हापुरात, मुक्काम समुद्रावर

प्रश्न : मी ३२ वर्षे शिरोलीत फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यांच्यावरून ओतकामाचे साचे घेतात ते नमुने, बनवले. आता निवृत्तीनंतर घरामागच्या मोकळ्या जागेत २४ फुटी शिडाची होडी बांधावी आणि हिवाळ्याचे चार महिने पत्नीसह मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याने तिच्यातच राहावे, असा बेत आहे. खाऱ्या पाण्याने लाकूड दोन वर्षांत संपेल, असे सगळे सांगतात. हे खरे आहे का? सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लाकडी होडीला समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी अधिक घातक ठरते, ही गोष्ट आपण आराखडा हाती घेण्याआधीच मनाशी पक्की करावी. लाकडातील ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर राहिला की कुजवणारी बुरशी धरते आणि मिठाच्या पाण्यात तिचा जम बसत नाही. त्यामुळे जुन्या होड्यांत पाण्याखालची फळी धड आणि डेकच्या सांध्यातले लाकूड मात्र भुसभुशीत झालेले आढळते. आपल्याकडच्या वाड्यांतही वासा उघड्यावर सहसा कुजत नाही, भिंतीत शिरलेल्या टोकाला कुजतो. माझ्या १८ फुटी होडीत डोलकाठीची तार डेकला जेथे बांधली होती, तेथील एका बोल्टभोवतीचा लेप सुटला होता. वरचा रंग चकचकीत होता. सहज म्हणून स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो निम्मा आत गेला आणि बाहेर काढल्यावर त्याच्या टोकाला चहाच्या चोथ्यासारखा ओला भुगा लागला होता. तेव्हापासून प्रत्येक बोल्टसाठी आधी मोठे भोक पाडायचे, ते इपॉक्सीने (दोन द्रव मिसळल्यावर कडक होणाऱ्या राळेने) भरायचे आणि ती कडक झाल्यावर मधून बारीक भोक पाडायचे, हा नियम मी मोडलेला नाही. आपणही मोडू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

खाऱ्या पाण्यातला धोका निराळा आहे. लाकूड पोखरणारा जो प्राणी किड्यासारखा दिसतो, तो खरे तर शिंपल्याच्या कुळातला असतो. तो अगदी लहान असताना टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून शिरतो आणि आतल्या आत वाढतो, त्यामुळे फळी हातात तुटेपर्यंत बाहेरून पत्ता लागत नाही. कोकणातले लोक यावर काजूच्या टरफलांचे तेल चोळत आले आहेत. आपण तळावर फायबरग्लासचे कापड इपॉक्सीत बसवून त्यावर तळासाठीचा खास रंग दरवर्षी द्यावा. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यात बांधलेली ५६ फुटी नौकाही आतून सीडरच्या लाकडाची आणि वरून फायबरग्लासची आहे.

कणा आणि फासळ्या सागवानाच्या कराव्यात. बाहेरच्या अंगाला आयएस ७१० शिक्क्याचे मरीन प्लायवुड घ्यावे, नुसत्या ‘वॉटरप्रूफ’ शब्दावर जाऊ नये. वखारीतून आणलेल्या लाकडाचा एक तुकडा सोनाराच्या काट्यावर तोलावा, ओव्हनमध्ये वजन घटायचे थांबेपर्यंत सुकवावा आणि पुन्हा तोलावा. ११२ ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर थांबला, तर ओलावा १२ टक्के आहे आणि लाकूड कामाला योग्य आहे. जून ते सप्टेंबर इपॉक्सीचा डबा उघडूच नये. खिळे-स्क्रू तांब्याचे किंवा ब्राँझचे असावेत, कारण लोखंडाचा गंज फुगून फळी फोडतो.

तोल सांभाळण्यासाठी तळाला लावायचे बिडाचे वजन मात्र आपल्याइतके चांगले कोणी करून घेऊ शकणार नाही. बीड थंड होताना आकसते, म्हणून फुटाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) वाढीव धरून पॅटर्न आपणच बनवावा आणि ओतकाम येथेच करून घ्यावे. होडी वाहनावरून किनाऱ्याला नेताना हे वजन आणि डोलकाठी वेगळी न्यावी. रस्त्यावर वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंतच चालते आणि घाटातली वळणे आपण जाणताच, म्हणून होडीची रुंदी २.४ मीटरच्या आत ठेवावी.

राहण्याविषयी थोडेसेच सांगतो. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर पाणी धरले, तर दोघांना १५ दिवसांसाठी १२० लिटर लागते. ती टाकी मधोमध आणि शक्य तितकी खाली बसवावी. रोज सकाळी सगळी झाकणे उघडून होडीला वारा द्यावा. मे संपण्याआधी ती किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारावी, पण दोन्ही टोके हवेला मोकळी ठेवावीत.

सुरुवात ९ फुटी डिंगीपासून, म्हणजे वल्ह्यांच्या छोट्या होडीपासून करावी. नांगरलेल्या होडीवरून किनाऱ्यावर ये-जा करायला ती पुढे लागणारच आहे, आणि मोठ्या होडीतले बहुतेक सांधे तिच्यात लहान रूपात येतात. या हिवाळ्यात ती बांधून, दोघांनीही जीवरक्षक जाकीट घालून, पंचगंगेच्या संथ पाण्यात वल्हवून पाहावी. पत्नीला त्या डिंगीत बसणे आवडले, की मगच २४ फुटी होडीचे सागवान खरेदी करावे.