टूर्मलीनचा पहिला दागिना घेताना
टूर्मलीन या रत्नाचा पहिलाच खडा घेताय ना, मग दुकानातल्या दिव्याखाली बघून ठरवू नका. दिवसाच्या उजेडात न्या आणि हळूहळू फिरवा. टूर्मलीनची बाजू बदलली की रंग बदलतो. हिरवा खडा आडवा धरला तर कोवळ्या पानासारखा, लांबीच्या दिशेने पाहिला तर कधी पार काळपट. अंगठीत बसल्यावर वरून जो रंग दिसेल, तोच बघायचा. लाल-गुलाबी खड्यात आत बारीक रेघा बहुतेकदा असतात, त्यांना घाबरू नका. वरपर्यंत आलेली चीर मात्र नको. काठिण्य मोह्स मापावर (खनिजांच्या कठीणपणाचं 1 ते 10 असं माप) 7 ते 7.5, म्हणून रोजच्या वापराला कानातलं किंवा पेंडंटच बरं. गरम झाला की खड्यावर विद्युतभार येतो आणि धूळ चिकटते. कोमट साबणपाणी, मऊ ब्रश, बस्स. ध्वनिलहरींनी दागिने साफ करणाऱ्या अल्ट्रासोनिक मशीनमध्ये अजिबात टाकू नका.